चादरीच्या कोपऱ्यातलं नाव

मंगळवार, सोलापूर

किरणोत्सारामागचं दुर्बल बल आणि विद्युतचुंबकी बल मुळात एकच, हे आज तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवलं. सममिती दाखवायला घरची चादर नेली. उलटवली की रंगांची अदलाबदल होते, नक्षी तीच. ‘बघा, काही फरक नाही!’

पद्मा, जिचे वडील यंत्रमागावर चादरी विणतात, म्हणाली, ‘सर, कोपऱ्यातलं कारखान्याचं नाव उलटं झालंय की.’

वर्ग हसला. मी तिला खाली बसवलं. का बसवलं?

उलटलेलं नाव म्हणजे आरशातलंच नाव; आणि आरशात विद्युतचुंबकी बल तसंच राहतं, दुर्बल बल राहत नाही. दोघांना एकत्र बांधताना मोठी अडचण तीच होती, आणि मी ती गाळून मोकळा! पोरीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. उद्या वर्गासमोरच तिची माफी मागायची.

कोपऱ्यातलं ते नाव... बारा वर्षं ही चादर पांघरतोय, एकदाही वाचलं नव्हतं.