सिनेटर हेहिर यांच्या शेजारची जागा

मी, ओनोरिया मेरी हेहिर, माहेरची टब्रिडी, कै. सिनेटर मॅलकी हेहिर यांची पत्नी, वय अडुसष्ट, राहणार चौथा रस्ता, ट्रॉय, न्यूयॉर्क राज्य, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय थकले आहे. मी नाताळ पाहीन असे डॉक्टरांना वाटत नाही. डोके मात्र जागेवर आहे. कोणी दडपण आणलेले नाही. घरकाम पाहणारी डेलिया फक्त दोनदा चहा घेऊन आली.

एक. सन १९१२ मध्ये मॅलकीने माझ्यासाठी तयार केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. तो वकील होता, मसुदा उत्तमच होता. त्यात माझ्या अंत्ययात्रेला चाळीस घोडागाड्या आणि बँड लावला होता. मला विचारले नव्हते. जेवण थंड होत होते म्हणून मी सही केली.

दोन. राहते घर मुलगा फिंटन याला. माडीवरच्या मागच्या खोलीत डेलिया स्कॅनलन हयात असेतो राहील. दुसरी अट नाही.

तीन. मॅलकीची कायद्याची पुस्तके चर्चच्या सभागृहात भरणाऱ्या कामगारांच्या वर्गाला द्यावीत. आयर्लंडातल्या क्लेअरहून तो सतराव्या वर्षी इथे आला, कालव्यावरच्या बोटींत पोती चढवली, मग एका म्हाताऱ्या वकिलाची कचेरी झाडता झाडता हीच पुस्तके वाचली. काही पानांवर कोळशाने माखलेल्या बोटांचे ठसे आहेत. ते कोणी पुसू नयेत.

शर्टाच्या कॉलरच्या कारखान्यात इस्त्री करणाऱ्या मुलींचे खटले तो फी न घेता लढायचा. मी तिकडच्याच एनिसच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, अक्षर वळणदार, म्हणून त्या मुलींचे अर्ज मी लिहून देत असे. एकदा अर्ज हातात धरून त्याने विचारले, "अक्षर कुणाचं हे?" माझे, म्हटले. "मग तुझ्याशी भांडायचं झालं तर तोंडीच भांडीन. लेखी काही माझा निभाव लागायचा नाही." त्या बोलण्याला मी भुलले. त्याचा पश्चात्ताप नाही.

चार. नणंद सबायना हिला निळी किटली. अठ्ठ्याण्णव साली तिने ती उसनी नेली. आता ती तिची झाली, परत करण्याची काळजी मिटली.

पाच. डेलियाला शिवणयंत्र, माझा लोकरी कोट आणि तीनशे डॉलर. शिवाय पुढचे चार शब्द, जे ती तोंडी ऐकून घेत नाही.

आमच्या वॉर्डात मते भाषणाने मिळत नाहीत, मयताच्या घरी मिळतात. दोन दिवस मृतदेह बैठकीच्या खोलीत असतो आणि सारी वस्ती येऊन जाते; यालाच आम्ही बैठक म्हणतो. मॅलकी एकही घर चुकवत नसे. आत जायचे, गुडघे टेकून प्रार्थना करायची, मग भिंतीलगत बसलेल्या घरच्या माणसांचे हात एकेक करून आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, तेच एक वाक्य म्हणायचे, टोपी उचलायची, पुढचे घर. त्यात ढोंग नव्हते. दुसऱ्या दिवशी विधवेच्या मुलाला तो खरोखर नोकरी लावून देई. तो आधी नगरसेवक झाला, मग सिनेटर, तो याच खोल्यांमधून.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत त्याचे ताट तिसऱ्यांदा झाकून ठेवताना डेलिया म्हणाली होती, "बाईसाहेब, साहेबांना घरी आणायचं तर इथेच कुणीतरी मरायला हवं." आम्ही दोघी खूप हसलो. मीही हसले, डेलिया. फेब्रुवारीत आमची विनी न्यूमोनियाने गेली. नऊ वर्षांची होती. तेहतीस वर्षे तू ते वाक्य घशात धरून बसली आहेस. पोर आजाराने गेली, तुझ्या बोलण्याने नाही. हे मी कायद्याच्या कागदावर लिहून देत आहे. आता तरी मान.

सहा. आता माझ्या देहाबद्दल.

फिंटन येत्या नोव्हेंबरात वडिलांच्या जागेसाठी निवडणुकीला उभा आहे. काल रविवारी तो आला, माझ्या पायांवर शाल नीट केली आणि म्हणाला, "आई, तू बाबांच्याच शेजारी ना? पक्षाच्या कमिटीला कळवायचंय." मी म्हटले, कळवते. तो वाईट मुलगा नाही. त्याने हे विचारताना माझा हात धरला होता.

मॅलकी टेकडीवर आहे, वॉर्डाने वर्गणी काढून बांधलेल्या स्मारकाखाली. विनी नदीकडच्या जुन्या दफनभूमीत आहे, एकटी. मी कुठे जावे हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती मी कोणालाच सांगितलेली नाही.

विनीच्या बैठकीचा दुसरा दिवस. दुपारी कारखान्याची पाळी सुटली आणि घर माणसांनी भरले. मी शवपेटीजवळ पहिल्या खुर्चीवर होते. मॅलकी आत आला. त्याने गुडघे टेकले, प्रार्थना केली, उठला आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुमच्या दुःखात सहभागी आहे, बाई. देव तुम्हाला बळ देवो."

मग तो पुढच्या खुर्चीकडे गेला. मग त्याच्या पुढच्या. सगळे हात झाले, त्याने खुंटीवरची टोपी घेतली, दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला. बराच वेळ पाठमोरा उभा होता. आता कुठे जायचे ते त्याला कळत नसावे.

मला तेव्हा काही वाटले नाही. नंतर वाटेल असे वाटले होते. अजून वाटलेले नाही.

अठ्ठावीस वर्षांनी, शेवटच्या आजारात, तो म्हणाला, "नोरा, विनीच्या वेळी मी तुला..." मी त्याची उशी सारखी केली. म्हटले, "झोप आता." तो झोपला. त्याला ते बोलू द्यायला हवे होते. ही चूक माझी, आणि ती कोणाच्या नावे करून देता येत नाही.

म्हणून सांगते. मला विनीशेजारी ठेवावे. स्मारकावर माझे नाव आधीच कोरलेले आहे, ते खोडू नये. मॅलकीच्या शेजारी दुसऱ्या कोणाला जागा देऊ नये. मी त्याच्यावर रागावून गेले असे कोणी म्हणू नये.

सात. या कागदाची एक प्रत साक्षीदार श्री. क्लून यांच्याकडे आहे. मी गेल्याबरोबर ती उघडून फिंटनला द्यावी, दफनानंतर नव्हे.

फिंटन, बैठक घाल. सगळ्यांना येऊ दे, कमिटीलाही. पण भिंतीलगतच्या पहिल्या खुर्चीवर तू बस आणि दोन्ही दिवस तिथून उठू नकोस. दाराशी कोणीही आले, कितीही मोठा माणूस आला, तरी त्याला सामोरा जाऊ नकोस. लोक तुझ्याकडे येतील, तुझा हात हातात घेतील, आणि ते वाक्य तुला म्हणतील. तू ते ऐकून घे. तुझी आई गेलेली असेल.

ओनोरिया मेरी हेहिर

वरील सही बाईंनी आमच्यासमोर केली आणि आम्ही एकमेकांसमोर केली. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून डेलिया स्कॅनलन यांची सही नाही. त्या शेगडीपाशी रुसून बसल्या आहेत.

साक्षीदार: बार्थोलोम्यू क्लून, औषधविक्रेता
साक्षीदार: कु. अगाथा व्हेलन, संगीतशिक्षिका

ट्रॉय, सोमवार, २२ सप्टेंबर १९२४