साखरेची कडी

३ फेब्रुवारी १९६७
पुन्हा वजन! शुक्रावर जाणाऱ्या यानातून अजून अर्धा किलो काढायचाय. आमचे मुख्य, ग्लेब येरेमेयविच, हातात पेन्सिल घेऊन बळीचा बकरा शोधत फिरतायत. दोनच उरलेत — माझी साखरेची कडी नाहीतर रुफिनाचा मोठा दाबमापक. रुफिना आणि मी, दोघी एकाच खोलीत राहतो. म्हणजे भांडण ऑफिसात आणि बीटाचं बोर्श्च सूप एकाच पातेल्यातलं.

४ फेब्रुवारी
कडीचं काम साधं, ती स्प्रिंग अडकवून धरते. यान शुक्रावरच्या समुद्रात पडलं की साखर विरघळणार, स्प्रिंग सुटणार, जादाची अँटेना पाण्यावर उभी राहणार. त्या ढगांखाली समुद्र नाहीच, असं छातीठोकपणे सांगणारा मला अजून भेटलेला नाही. रुफिना म्हणते, तिथली हवाच भयंकर जड असेल, यानात आधीच असलेला छोटा मापक पुरणार नाही. तिलाही खोटं पाडता येत नाही. वैताग!

९ फेब्रुवारी
हसून हसून मुरकुंडी वळली! काय काढायचं ते ठरवायला समितीची बैठक. अध्यक्ष म्हणजे जुन्या वळणाचे जनरल — साखर कपात न घालता दातांत धरून चहा ओढणारे. समोर बशीत माझी नमुन्याची कडी. मी तोंड उघडेपर्यंत ती त्यांच्या दाढेखाली! ग्लेब येरेमेयविच छताकडे बघत बसले. जनरलसाहेब चावायला गेले, कडी दाद देईना. मग चहाचा घोट घेतला आणि ती विरघळली.

"भलतीच टणक साखर आहे तुमच्याकडे."

"तो यानाचा भाग होता," मी म्हणाले.

त्यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "म्हणजे चाचणी झाली तर."

आणि सही केली. कडी राहिली, मापक गेला.

१० फेब्रुवारी
रुफिना बोलत नाही.

१२ फेब्रुवारी
बोलली. मीठ मागितलं.

१२ जून
यान सुटलं! रुफिनाने मला मिठी मारली. तिचा मापक कपाटात पडलाय, तरी मारली. मला रडू आलं.

१८ ऑक्टोबर
उतरलं!! दीड तास संदेश आले, मग शांत. तिथे भट्टीसारखी आग आहे म्हणे. म्हणजे समुद्र बहुधा नाहीच, वाईट वाटलं. पण रेडिओवर बातमी, टेबलावर कोन्याकची बाटली, ग्लेब येरेमेयविच चक्क नाचले.

२३ ऑक्टोबर
रुफिना आकडे घेऊन बसलीय. छोटा मापक शेवटच्या रेघेला टेकला आणि तिथेच राहिला. उष्णता मात्र त्यानंतरही वाढतच होती. म्हणजे यान अजून खाली जात होतं. ती म्हणते, ते उतरलंच नाही गं, वाटेतच हवेने चिरडलं.

२४ ऑक्टोबर
दोघी ग्लेब येरेमेयविचांकडे गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकलं. म्हणाले, "यान उतरलं असं साऱ्या जगाला सांगून झालंय, रुफिना मात्वेयेव्ना. तुमच्याकडे पुरावा काय?"

तिने आकड्यांचा कागद दुमडला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुरावा द्यायला तिचा मापक यानात हवा होता. त्याच्या जागी माझी साखर गेली.