पट्टा परत येईपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, वकिलाच्या कचेरीतून निवृत्त झालेली टायपिस्ट, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र लिहीत आहे. दोन्ही एकत्र असू शकतात, हे डॉक्टरांनी तपासले आहे. बत्तीस वर्षे मी इतरांची मृत्युपत्रे टाइप केली. मला कायदा शिकवू नये.

१. लाकूड कातायचे लेथ मशीन मी यंदा स्वतःसाठी घेतले. दुकानदार म्हणाला, "आजी, नातवासाठी का?" मी म्हटले, "नातू नाही, आणि मी तुमची आजीही नाही." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रुमालाच्या कडा शिवायला बसवत, तेव्हा भिंतीपलीकडे मुलांच्या शाळेत रंधा चाले. तो आवाज जन्मभर कानात राहिला. सबब हे मशीन माझ्या सुनेला. भुसा झाडता झाडता "आई, मला शिकवाल?" असे विचारणारी या घरात ती एकटीच.

२. दुकानदाराने गळ्यात मारलेल्या दहा पटाश्यांपैकी तीनच कामाच्या. गल्लीतला कातारी बघताच म्हणाला, "बाई, सात कशाला घेतल्या? आधी धार लावायचं चाक घ्यायचं होतं." त्या सात धाकट्या दिरांना द्याव्यात. बोथट आहेत, जोडी जमेल.

३. तोंडावर लावायचा पारदर्शक मुखवटाही दिरांनाच. "म्हातारपणी थेरं" असे बोलताना लावावा, म्हणजे थुंकी उडणार नाही.

४. आता चिरंजीव. तीन आठवड्यांपूर्वी लाकूड नीट आवळले नव्हते, ते उडाले आणि कपाटाची काच फुटली. चूक माझी, कबूल. चिरंजीव ओरडले, "आई, बास झालं! उद्या डोळा जाईल." मी म्हटले, "म्हणूनच मुखवटा घेतलाय, बाळा." चार दिवसांनी मशीनचा पट्टा गायब! "तुटला, टाकून दिला," म्हणे. जेमतेम पंधरा दिवस चाललेला पट्टा तुटत नसतो, आणि लहानपणापासून खोटे बोलताना याचा डावा कान लाल होतो. दुकानदाराकडे दुसरा नाही; हे मॉडेलच बंद झाले. स्वस्तात घेतल्याची खोट एवढीच.

५. मशीनवर माझा पहिला वाडगा अर्धा कातलेला अडकला आहे. लाकूड ओले आहे. असेच वाळले तर तडकेल, मग कातारीसुद्धा वाचवू शकणार नाही. मी रोज त्यावर ओले फडके गुंडाळते. मुलाच्या तापात त्याच्या कपाळावर घड्या ठेवल्या होत्या, तशाच.

६. राहते घर माझ्या पगारातले. त्यात वाडवडिलांचा खिळाही नाही. वाडगा तडकण्याआधी पट्टा जागेवर आला तर घर चिरंजीवांचे. तडा गेला तर घर सुनेचे. मग चिरंजीवांनी बायकोच्या घरात राहावे आणि चपला बाहेर काढाव्यात.

७. हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडू नये. उद्या सकाळी, चहाच्या वेळी, सुनेने मोठ्याने वाचावे. मी समोर बसून डावा कान बघणार आहे.

आम्हा दोघांदेखत बाईंनी सही केली. हात थरथरला नाही:
१. गल्लीतला कातारी
२. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर

स्थळ: मागची खोली.
दिनांक: पट्टा गेल्यापासून एकोणिसावा दिवस.

सही: चिरंजीवांची आई

ता.क. सही करताना पाहिले. वाडग्याच्या काठावर केसाएवढी रेघ दिसते आहे. चहा लवकर ठेवावा.