भाजी काढून वाचायचा पत्ता

१२ जून १९९८
मेलबॉक्समध्ये टक्कल घालवायच्या औषधांच्या जाहिराती. ढीगभर. माझ्या केसांचं अमेरिकेत कुणी सांगितलं? आमच्याच लिस्टनं! बेंगळूरच्या मराठी लोकांची मेलिंग लिस्ट, मी मॉडरेटर. सगळं लिखाण वेबवर उघडं, चोर तिथून पत्ते वेचतात. आणि आमची माणसं! कुणी चकलीची भाजणी कुठे मिळते विचारलं की सगळ्या गावाला मेल: 'मलाही हवी.' खाली पत्ता, फोन, घरमालकाचं नाव. अडाणी लेकाचे.

१५ जून
नवीन अकाउंट घेतलं. आता बोला.
सिद्धी नावाची मुलगी नागपूरहून आली आहे. लिस्टवर विचारते, हेब्बाळकडे खोली मिळेल का. लिहिते छान. आई दर रविवारी फोनवर लग्नाचं विचारते. यंदा तिला सांगण्यासारखं काहीतरी होणार, मला आतून वाटतंय.

१६ जून
लिस्टवर उत्तर टाकलं. मी हेब्बाळलाच असतो, खोल्या दाखवीन, मला वेगळं लिही. ईमेलचा पत्ता अर्थात सुरक्षित करून: उलटा लिहिला, मध्ये 'पडवळ' हा शब्द घातला. खाली सूचना, 'भाजी काढून वाचा.' उलटा आहे हे लिहिलं नाही. चोरांना कशाला सांगा? हुशार माणसाला कळतं.

२० जून
सिद्धीचं पत्र नाही. विचार करत असेल. उथळ मुली लगेच लिहितात.
बेळगावच्या अवधूतनं तिला लिस्टवरच कळवलं, आमच्या घरमालकांची वरची खोली रिकामी आहे, फोन कर. आणि नंबर! जगासमोर! ऑफिसात फोन करून झापला. म्हणाला, सरी अण्णा, चुकलं. लगेच विचारतो, तुझा पत्ता काय रे? ठोंब्या.

२ जुलै
पत्र नाही. मी स्वतः लिहिणार नाही. मॉडरेटरनं मुलींच्या मागे लागणं शोभत नाही.

५ जुलै
आसावरीताई आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं सगळं बघतात. म्हणाल्या, मीटिंगचं कळवायला तुझ्या घरी माणूस पाठवायचा का? म्हटलं, खुशाल पाठवा. सुरक्षितता कशाशी खातात हे यांना माहीत नाही.

८ ऑगस्ट
विजय! नवीन अकाउंटवर अजून एकही जाहिरात नाही. तसं एकही पत्र नाही. ऑफिसातून, घरून, दोन्हीकडून तपासतो. मोडेमची लाईन लागली की आधी इनबॉक्स उघडतो. सर्व्हरचा दोष असणार.

२९ ऑगस्ट
मंडळाच्या आरतीला सिद्धी भेटली. अवधूतबरोबर. दिवाळीनंतर साखरपुडा. खोली तिनं तीच घेतली, त्याच्या डोक्यावरची.
तिनं आपणहून सांगितलं, तुम्हाला दोन-तीनदा लिहिलं होतं, परत आलं. मी विचारलं, पडवळ काढलंस? म्हणाली, काढलं. उलटं वाचलंस? म्हणाली, उलटं? मग हळूच म्हणाली, मला वाटलं, तुम्हाला कुणी लिहिलेलं आवडत नाही.
आवडत नाही? अगं, दोन महिने तुझ्या पत्राची वाट बघण्याशिवाय दुसरं काय करत होतो मी!
हे इथे लिहितोय. तिथे फक्त अभिनंदन म्हणालो आणि प्रसाद घेतला.