वरच्या उताराचं आणि त्याच्या फाटकाचं काय करायचं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, डोंगरी चारापीक संशोधन केंद्रातून निवृत्त, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि अतिशय खुशीत हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. ‘खुशीत’ हा शब्द कायद्याला लागत नाही, असं वकीलबाईंचं म्हणणं पडलं. मला लागतो. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती.

१. राहतं घर सामानासह माझ्या धाकट्या बहिणीला. ओव्हन मात्र तिने आधी घासून घ्यावा. त्यात मी जन्मभर गवताचे नमुने वाळवले. तिने एकदा त्यात केक केला, तो पाहुण्यांनी निव्वळ भिडेखातर खाल्ला.

२. बँकेतली शिल्लक भाच्याला. त्याने वरच्या उतारावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचं खूळ डोक्यातून काढावं. “मावशी, तिथे नुसतं गवत तर आहे,” असं तो मागच्या सुट्टीत म्हणाला. नुसतं गवत! मी भरल्या ताटावरून उठले. पोरगा गुणी आहे, पण गवताच्या बाबतीत ठार आंधळा.

३. केंद्राच्या माजी संचालकांना, त्यांनी स्वतःचं नाव दिलेल्या सुधारित वाणाची एक पेंढी. शेळ्यांनी ते गवत हुंगून सोडलं, तर साहेबांनी शेळ्यांनाच नावं ठेवली. आता त्यांनी स्वतः चावून बघावं.

४. तारेची चौकट केंद्रातल्या नव्या संशोधिकेला. ही चौकट डोळे मिटून खांद्यावरून मागे फेकायची, म्हणजे जागा निवडताना लबाडी होत नाही. पडेल तिथलं गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं. फेकण्याआधी मागे कोण आहे ते बघावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझी एक फेक एका शेळीच्या शिंगांत अडकली आणि ती चौकटीसकट डोंगरापलीकडे पसार झाली. संध्याकाळी तिचा मालक दारात हजर. “बाई, हा दागिना तुमचाच ना?” त्याच्या एका शिट्टीवर अख्खा कळप वळतो, म्हणून मी त्याला शिट्टीवाला म्हणते.

५. वरचा उतार. इथे जरा सविस्तर लिहिते. उतार माझ्या मालकीचा, आणि त्यावरून शिट्टीवाल्याचं नि माझं वर्षानुवर्षं वाजलं. माझा सिद्धांत असा, की जनावरं बाहेर ठेवली की गवत बहरतं. म्हणून मी कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. त्याचं म्हणणं, जनावरं मोकळी सोडा, गवत आपलं आपण सांभाळून घेतं. झालं काय? कुंपणाच्या आत वाळक्या गवताचा थर साचला आणि खालचं क्लोव्हर, म्हणजे तीन पानांचा तो कसदार चारा, उजेडावाचून गुदमरलं. बाहेर त्याच्या शेळ्यांनी जमीन पार बोडकी केली. दोघेही तोंडघशी!

आणि सगळ्यात दाट, क्लोव्हरने भरलेलं कुरण कुठे सापडलं? बर्फाच्या भाराने दर हिवाळ्यात कुंपण पडतं त्या कोपऱ्यात. तिथून शेळ्या घुसायच्या, मनसोक्त चरायच्या. मग मी आरडाओरडा करत जायचे, त्यांना हुसकायचे, कुंपण उभं करायचे आणि गवताला विसावा मिळायचा. आमच्या भांडणावर ते कुरण पोसलं गेलं! हे गेल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं आणि मी उतारावर एकटीच पोट धरून हसत बसले.

तेव्हा वरचा उतार शिट्टीवाल्याला. अट एवढीच, की थोडं चारावं, मग फाटक लावून गवताला विसावा द्यावा. फाटक उघडणं त्याला छान जमतं. लावणं आजवर जमलेलं नाही. मी गेल्यावर एका उन्हाळ्यात तो उतार ओसाड होईल, ही एकच भीती मला खरोखर वाटते.

सही करण्यापूर्वीची भर: शेजारच्या नर्सबाई साक्षीला आल्या आहेत. शिट्टीवाल्याला मी कलम पाच ऐकवायला बोलावलं. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

“म्हणजे हे सगळं तुम्ही गेल्यावर?”

“हो.”

“मग फाटक लावणार कोण?”

“तुम्ही! शिका आता.”

“या वयात?” तो वकीलबाईंकडे वळला. “दुसरा साक्षीदार कोण आहे?”

“तुम्ही होऊ नका,” वकीलबाई घाईघाईने म्हणाल्या. “साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नसतं. सही केलीत तर उतार हातचा जाईल.”

त्याने टेबलावरचं पेन उचललं. “जाऊ दे की. बाई, तुमच्या माघारी मला ते गवत नको. उद्यापासून मी फाटक उघडतो, तुम्ही लावा. भांडायचं असेल तर तेही करू.”

मी हसता हसता ठसकले. नर्सबाईंनी पाणी आणून दिलं. इतका आनंद मला कुठल्याच गवताने दिलेला नाही. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला आहे.

कलम पाच रद्द. वरचा उतार तूर्त कोणालाही नाही. तो मला हवा आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही. अक्षर हसण्यामुळे हललं आहे, वयामुळे नव्हे.)

बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, याची साक्ष:
१. शेजारच्या नर्सबाई (सही)
२. शिट्टीवाला (सही)

ठिकाण: माझं स्वयंपाकघर
दिनांक: एकवीस मे. उद्या फाटक उघडायचं आहे.