बेल्ट डाव्या कडेनेच झिजतो

१४ ऑक्टोबर
आज पुन्हा गालिचे धुण्याच्या मशीनचा बेल्ट तुटला आणि मला एकदम निर्मळची विहीर आठवली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बागेतल्या पंपाचा पट्टा सारखा उतरायचा. ह्यांनी मला सुतळीचं एक टोक धरायला लावलं. इंजिनाच्या पुलीवरून पंपाच्या पुलीवर सुतळी ताणायची. दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडांना मिळून चार ठिकाणी टेकली की पुल्या एका रेषेत. माझ्या एका हातात सुतळी, दुसऱ्यात वेलची केळं. मी हसले की सुतळी हलायची. हे ओरडायचे, चंदे, हात सरळ ठेव! कॉन्व्हेंटात सरळ रेघ शिकवली नाही का तुला?
असो. तेव्हाचे पट्टे वर्षानुवर्षं चालायचे. आताचे महिनाभरही नाहीत. निदान स्पष्ट आहे: हल्ली रबरच वाईट येतं.

१७ ऑक्टोबर
टेम्पो घेऊन कामणला गेले. तिथल्या गोदामातून भारीतला बेल्ट आणला. आता प्रश्न मिटला.
टेम्पो हल्ली मीच चालवते. टेम्पो म्हणजे उंच कार, एवढंच. ह्यांनी दोनदा फाटकाला डावा आरसा घासला म्हणून कुशलने त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली. पोटचा मुलगा, पण बोलतो साहेबासारखा. विरारच्या फ्लॅटमधून फोनवर हुकूम. बाबांना डॉक्टरकडे ने म्हणे. फाटक अरुंद आहे हे त्याला कोण सांगणार?

२५ ऑक्टोबर
नवा बेल्ट कुरकुरतो. मशीनखाली काळा भुगा. पट्ट्याची डावी कड झिजून चकचकीत, उजवी कोरी करकरीत.
लेस्टरला बोलावलं. माणिकपूरला त्याचं गॅरेज आहे. त्याची आई शाळेत माझ्या वर्गात होती, म्हणून मला आंटी म्हणतो आणि वाट बघायला लावतो. खाली वाकून बघितलं. म्हणाला, आंटी, ताण कमी हाय, आवळतो. आवळला. मग डोकं खाजवत म्हणाला, पंपाचा ब्रॅकेट, ही पंपाखालची लोखंडी बैठक, कोणी बसवली? एकदा सुतळी लावून बघू काय?
मी म्हटलं, बाबा रे, तो ब्रॅकेट ह्यांनी, तुझ्या काकांनी, स्वतः बसवलाय, मागच्या नाताळच्या आधी. अख्खी मशीनही सात वर्षांपूर्वी त्यांनीच बसवली. इंजिन, ब्लोअर, पंप, टाकी, सगळं टेम्पोत. गरम पाणी गालिच्यावर मारायचं आणि घाण ओढून टाकीत घ्यायची, एवढं सोपं करून ठेवलं. त्यांच्या हाताला सुतळी कसली लावतोस?
लेस्टर म्हणाला, बरं आंटी. तुम्ही बोलता तर सरळच असेल.
असणारच.

२ नोव्हेंबर
दिवाळीचं ताट वाढलं, जेवणाबरोबरच फराळ. ह्यांनी चकली, चिवडा संपवला. डाव्या बाजूची चटणी, लिंबू, कोशिंबीर जशीच्या तशी. गेले कित्येक दिवस असंच. मला बरं वाटलं. मीठ-तिखट कमी करा म्हणून मी इतकी वर्षं सांगत होते, अखेर ऐकलं.
संकल्प: रोज सकाळी बेल्टवर नजर. कुरकुर थांबावी म्हणून महिन्यातून एकदा पट्ट्याला खडू घासायचा.

९ नोव्हेंबर
बेल्ट तुटला. आगाशीच्या लग्नाच्या हॉलमध्ये, अर्धा गालिचा ओला असताना. नवरीचे मामा म्हणाले, बाई, ही मशीन धुते की भिजवते? यमुनेने गुडघ्यावर बसून उरलेलं पाणी फडक्याने टिपलं. पाईप धरायचं काम गेली सात वर्षं तीच करते, तिला मशीनपेक्षा जास्त दम आहे. परत येताना म्हणाली, ताई, काका आज एकाच पायात चप्पल घालून फाटकात उभे होते.
मी म्हटलं, डावी चावत असेल. नवी आहे.
निदान: यमुना पाईप ओढते, त्यामुळे मशीन हलते. तिला समज दिली. ती म्हणाली, बरं. पण तोंड फिरवून हसली.

१५ नोव्हेंबर
दृष्ट लागली असावी. कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी, सिस्टरांच्या हाताखाली इंग्रजी कविता पाठ केलेल्या बाईने, आज मशीनवरून मीठ-मोहरी उतरवून टाकली. हे ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, चंदे, इंजिनात मोहरी पडली तर लेस्टर आमटी करेल. किती दिवसांनी हसले. दाढी मात्र एकाच गालाची केलेली. वीज गेली असेल मध्येच.

२१ नोव्हेंबर
रिटाचा फोन. माझी शाळासोबतीण, आता चर्चची सगळी व्यवस्था बघते. नाताळच्या आधी वेदीपर्यंतचा लाल गालिचा आमच्याकडेच, दरवर्षीप्रमाणे. म्हणाली, चंदा, मेन (हे शाळेतलं 'मेन' तिचं अजून सुटत नाही), मशीन चालेल ना? फादर विचारत होते.
मी म्हटलं, मशीन आणि आमचे आत्माराम, दोघेही नाताळपर्यंत ठणठणीत.
रिटा म्हणाली, आत्मारामला मी रविवारी बाजारात बघितलं. मी डाव्या बाजूने हाक मारली, त्याने ओळखच दाखवली नाही.
म्हातारपणी कान जातातच. तिचे नाहीत का गेले?
योजना: नवा बेल्ट, नवी पुली, नवे बोल्ट. ब्रॅकेटला हात लावायचा नाही. मशीन सुरळीत झाली की ह्यांचंही मन लागेल. माणसाला काम नसलं की तो असा होतो.

२९ नोव्हेंबर
हे न्हाणीघरात पडले. डोक्याला फार लागलं नाही. कुशल आला, कुणाचं न ऐकता गाडीत घालून घेऊन गेला. मी म्हटलं, फरशी ओली होती. तो म्हणाला, आई, बस.

३ डिसेंबर
मेंदूत उजव्या बाजूला गाठ आहे.
डॉक्टर तरुण, मराठी नीट बोलणारा. कागदावर डोकं काढून दाखवलं. उजवीकडे गाठ आली की डावी बाजू माणसाच्या लेखी राहतच नाही म्हणे. दिसतं, पण तिकडे काही आहे हेच लक्षात येत नाही. ताटाची डावी बाजू, डावा गाल, डावी चप्पल. मी सांगितलंच नव्हतं, त्याने एकेक विचारलं आणि कुशल हो म्हणत गेला. मी खिडकीबाहेर बघत होते.
गाठ सावकाश वाढणारी होती. वर्षाहून जास्त दिवसांची असेल. आता खूप आत गेली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. घरी न्या म्हणाले.
दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं ठरवलं आहे. हा फारच तरुण आहे.

९ डिसेंबर
दुसरा डॉक्टर म्हातारा होता. त्यानेही तेच सांगितलं.
हे घरी आहेत. केळफुलाची भाजी मागितली. केली. अर्धं जेवल्यावर ताट मी हळूच फिरवून उलट ठेवलं, उरलेलं उजवीकडे यावं म्हणून. सगळं जेवले.
लेस्टर नवी पुली बसवून गेला. तासभर चालवली. काळा भुगा. डावीच कड.
मी लेस्टरला म्हटलं, तुला काम येत नाही. तो बिचारा हत्यारं गोळा करून निघाला. फाटकाशी वळून म्हणाला, आंटी, आता तरी सुतळी लावा. माझ्यावर ओरडा, पण लावा.

१२ डिसेंबर
लावली.
कुणाला बोलावलं नाही. ह्यांना खुर्चीवर बसवून टेम्पोच्या मागच्या दाराशी आणलं. ऊन छान होतं. कोपऱ्यातल्या पिशवीतून सुतळी काढली, एक टोक ह्यांच्या उजव्या हातात दिलं आणि दुसरं मी धरलं. म्हटलं, आठवतं का? हे म्हणाले, तू केळं खात होतीस. काम कमी, केळी जास्त.
इंजिनाच्या पुलीवर सुतळी दोन्ही कडांना टेकली. पंपाच्या पुलीला कुठेच टेकली नाही. मधल्या फटीत माझं बोट सहज गेलं.
मागच्या नाताळच्या आधी, आठ दिवस खपून, ह्यांनी तो ब्रॅकेट बसवला होता. मी चहा नेऊन देत होते. किती सुबक, असंही म्हटलं होतं.
ह्यांनी सुतळीकडे मान वाकडी करून नीट बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, बघ. एकदम सरळ.
मी म्हटलं, हो. एकदम.
मग म्हणाले, हात हलवू नकोस.
मी हलवला नाही.

२० डिसेंबर
काल कुशल मला म्हणाला, बाबा गेले, आता काय कुणाला द्यायचं ते तूच ठरव, मी मध्ये पडणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा विचार करायला नको.
टेम्पो कुशलने विकावा. डाव्या आरशाची खूण आहे ती घेणाऱ्याला सांगावी.
मशीन लेस्टरला. अट एकच: ब्रॅकेट काढून नवा सरळ बसवायचा, आणि रिटाचा गालिचा नाताळच्या आत धुऊन द्यायचा. त्याला मी सॉरी म्हटलं आहे. तो म्हणाला, आंटी, सॉरी काय, आईला सांगेन तुम्ही मला ओरडला, ती खूश होईल.
पाईप आणि दोन्ही नळ्या यमुनेला. तिने लेस्टरबरोबर काम करावं, तो तिचं ऐकेल.
न वापरलेला एक बेल्ट उरला आहे, तोही लेस्टरला. सरळ पुलीवर किती टिकतो ते मला कळव म्हणावं.
जुना ब्रॅकेट कुणालाही नाही. तो माझ्या कपाटात, साड्यांखाली. वाकडा आहे म्हणून कुणी भंगारात टाकू नये. सुतळी त्याच्याबरोबर.
ह्यांच्या चपला रिटाने चर्चच्या दानपेटीसाठी मागितल्या आहेत. त्या मात्र इतक्यात द्यायच्या नाहीत. डावी तर अजून नवीच आहे.