सिमेंटच्या खांबातला लाकडी आवाज

ओरोकोविस,
९ मे

चि. नेरेईदा हीस प्रोवी आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मिग्दालियाने दोनदा वाचून दाखवलं. फोन का करत नाहीस म्हणून रुसू नकोस. फोनवर तू सतत घाईत असतेस, पत्रात मात्र तुला माझं शेवटपर्यंत ऐकावं लागतं. आता ही माझी भाची जन्मभर शाळेत पोरांच्या वह्या तपासत आली, त्यामुळे मी बोलते एक आणि ती सुधारून लिहिते दुसरं. म्हणून मी प्रत्येक ओळ परत वाचून घेते. आत्ताचीही घेतली. तोंड वाकडं करते आहे.

तू लिहितेस की वादळांचे महिने लागायच्या आत एकतर भिंतीवर बॅटरी बसव, नाहीतर सामान बांधून ऑर्लँडोला ये. डॉक्टरांचंही तेच म्हणणं. माझ्या श्वासाचं यंत्र लाइटवर चालतं, लाइट आपल्या बेटावर, त्यात या डोंगरावर, टिकत नाही आणि ऑक्सिजनचा सिलिंडर काही दिवसभर पुरत नाही. हे मला समजतं गं. मला अक्षर येत नाही, श्वास येतो.

छतावर सोलर पॅनेल आहेत हे खरं. मारिया वादळानंतर चर्चच्या लोकांनी बसवून दिली. पण बाहेरची लाइन गेली की तीही मान टाकतात. भर उन्हात वर ती तबकं चकाकत असतात आणि खाली मी पुठ्ठ्याने वारा घेत बसते. शेजारच्या सिप्रियानला तर चघळायला विषयच मिळाला. तो गावभर सांगतो की प्रोवीच्या छतावर सूर्य नुसता केस विंचरायला येतो.

तरी बॅटरी नको. कारण तुला ठाऊक आहे, पण तेव्हा तू पाळण्यात होतीस, म्हणून पुन्हा सांगते. तुझे आजोबा आन्सेल्मो लाइनमन होते. खांबावर चढण्याआधी ते हातोडीने खांबावर ठोका मारायचे आणि कान लावून ऐकायचे, आतून कुजला तर नाही ना. त्या वर्षीच्या वादळानंतर लाइन बंद होती, सगळा डोंगर अंधारात होता, म्हणून निर्धास्त वर गेले. पण कुणाच्या तरी घरात जनरेटर चालू होता आणि त्याची वीज उलटी बाहेरच्या तारांवर चढली होती. कुणाचं घर, ते कधीच कळलं नाही. तेव्हापासून लाइट गेली की मी आधी मेन स्विच खाली ओढते, मग बाकीचं बघते. लाइन मेली की माझ्या घरात काही जिवंत राहायला नको. आणि तू म्हणतेस, सगळा डोंगर विझलेला असताना माझं एकटीचं घर उजळू दे!

आणखी एक. मिग्दालिया लिहायला नको म्हणते, मी म्हटलं, मुकाट्याने लिही. लाइट गेली की दारातला खांब वाजतो. एक ठोका पडतो. मग कुणीतरी कान लावला असावा एवढी शांतता. मग पुन्हा ठोका. बाहेर जाऊन बघावं तर तिथे कुणी नसतं. जुना खांब मारियाने पाडला, आताचा सिमेंटचा आहे. पण आवाज येतो तो लाकडाचा.

माझी काळजी थोडी कमी कर, आणि जेवण थोडं जास्त.

तुझी,
प्रोवी आजी
(अंगठ्याला शाई लावून ठसा उठवला आहे. मिग्दालियाच्या टेबलक्लॉथवरही उठला.)


ऑर्लँडो,
१८ मे

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आधी आशीर्वाद दे, मग भांडते.

पत्र वाचलं आणि हसू आलं, मग आलं नाही. आजोबांचं मी कसं विसरेन? आई दर वर्षी त्या दिवशी दिवसभर रेडिओसुद्धा लावायची नाही. पण तुझी भीती आणि ही बॅटरी यांची गाठ चुकीची पडते आहे. मी बसवणाऱ्या माणसाला खोदून खोदून विचारलं. बाहेरची लाइन गेली की भिंतीवरची पेटी सगळ्यांत आधी घराला लाइनपासून तोडते, आणि मगच बॅटरीतून घरात वीज सोडते. आपल्या घरातला एक थेंबही बाहेरच्या तारेवर जाऊ शकत नाही. तू जे हाताने करत आलीस तेच ती पेटी करते, फक्त तिला दम लागत नाही.

खांबाचं म्हणशील तर सिमेंट उन्हात तापतं आणि सावली आली की तडतडतं. असं मी स्वतःला सांगते आहे. तू घाबरतेस असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस, त्याचीच मला जास्त भीती वाटते.

आजी, गेल्या खेपेला सिलिंडर संपत आला तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते, हे मिग्दालियामावशीने मला वेगळ्या चिठ्ठीत कळवलं. तिच्यावर चिडू नकोस. तुला त्या घरातून उचलून आणायला मला आवडणार नाही. इथे अंगणही नाही आणि कोंबडाही नाही. पण तुला तिथे गमावण्यापेक्षा मी ते करेन.

तुझा आशीर्वाद माझ्या डोक्यावरून हलू देऊ नकोस.

तुझी,
नेरेईदा


ओरोकोविस,
२ जून

चि. नेरेईदा हीस अ. उ. आ.

वेगळ्या चिठ्ठीबद्दल मी मिग्दालियाशी दोन दिवस अबोला धरला. मग पत्र सांगायचं होतं म्हणून सोडला.

परवा भर दुपारी लाइट गेली. आम्ही तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. पंखा थांबला, माझं यंत्र थांबलं. मी मेन ओढला आणि सिलिंडर लावून ओट्यावर बसले. तुला आठवतं ना, लाइट गेली की इथे आधी काहीच ऐकू येत नाही, मग एकेका घरातून जनरेटरची घरघर सुरू होते. ती सुरू व्हायच्या आधीच्या त्या शांततेत ठोका पडला.

मिग्दालियाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलंच नाही. पुन्हा ठोका. ती उठली, खांबाला गोल फेरी मारून आली, त्यावर हात ठेवून आली. म्हणाली, गार आहे. भर दुपारी, नेरेईदा. भोवतालच्या दगडांवर पाय ठरत नव्हता आणि खांब विहिरीसारखा गार.

(प्रोवीमावशीने मला हे खोडू दिलं नाही, म्हणून माझ्यातर्फे लिहिते. मी आवाज ऐकला. लाकडाचाच होता. — मिग्दालिया)

सिलिंडर संपत आला तोवर लाइट आली, म्हणून हे पत्र आहे. त्या वेळी मी डोळे मिटून एकच विचार करत होते. हा माणूस इतक्या वर्षांनी अजून खांब तपासतो आहे. अजून त्याची खात्री होत नाही. मी मेन ओढते ते त्याला आत आल्याशिवाय दिसणार कसं? आणि आत तर तो कधी येत नाही. बुटांना चिखल असायचा, सवय.

म्हणून ठरवलं. बॅटरी बसव. पण माझ्या अटी आहेत. पेटी बाहेरच्या भिंतीवर, खांबाच्या समोर लावायची. बसवणाऱ्याने माझ्यासमोर लाइन तोडून दाखवायची, आणि तारेवर काही उरलं नाही हे त्याचा तो वीज तपासायचा चिमटा लावून दाखवायचं. मला दाखवलं म्हणजे तुझ्या आजोबांनाही दिसेल. सिप्रियानला कळवलं तर तो म्हणाला, आता सूर्य प्रोवीच्या घरी मुक्कामाला राहणार. मी म्हटलं, तुझ्याकडे कुणी मुक्कामाला राहत नाही, तो सूर्याचा दोष नव्हे.

ऑर्लँडोत माझ्यासाठी ठेवलेल्या खोलीत दुसऱ्या कुणाला ठेव. माझी जागा मनात असू दे, तेवढी पुरे.

तुझी,
प्रोवी आजी


ऑर्लँडो,
२० जून

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

बसवणाऱ्याचा फोन आला होता. म्हणाला, आजवर इतकी घरं केली, पण कुणी मला तीन वेळा लाइन तोडायला लावून वर खांबाकडे बघत, पाहिलंत ना, असं विचारलं नव्हतं. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे असंच करतात.

आता यंत्र बंद पडणार नाही या विचाराने मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले. एकच वचन दे. लाइट गेली की सवयीने सगळं बंद करत सुटू नकोस. पेटीला तिचं काम करू दे. आणि खांब वाजला, तर मला कळव. हसणार नाही.

तुझ्या मायेची सवय लागलेली,
नेरेईदा


ओरोकोविस,
१४ जुलै

चि. नेरेईदा हीस अ. उ. आ.

वचन मोडलं. आधी ते सांगून टाकते.

शुक्रवारी सकाळी वाऱ्याने लाइट गेली. आमच्या घरात मात्र दिवा मिणमिणलाही नाही. पंखा फिरत होता, यंत्र सूं सूं करत होतं, मी कॉफी घेत होते आणि मनात म्हणत होते, बघा, तुमची बायको काय थाटात बसली आहे. तेवढ्यात ठोका पडला.

असा आधी कधी पडला नव्हता. मधली शांतताच नाही. ठोक्यावर ठोका, जसं कुणी दार उघडा म्हणून मारावं. मला वाटलं, पेटीने दगा दिला. मी उठले आणि सगळं बंद केलं, मेन, बॅटरी, सगळं. नळी सिलिंडरला लावली. घर ठार विझलं. तरी ठोके थांबेनात.

म्हणजे ते माझ्या घरासाठी नव्हते.

मी अंगणात आले तसा आवाज पुढच्या खांबावर गेला. सिप्रियानच्या फाटकापाशी. मिग्दालिया सिलिंडरची गाडी ओढत मागून येत होती आणि देवाचं नाव घेत होती. शेडमध्ये त्याचा तो हिरवा जनरेटर धडधडत होता. त्याची तार खिडकीतून आत जाऊन भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसलेली. दोन्ही टोकांना पिना असलेली तार, गं. असं केलं की एका तारेत सगळं घर उजळतं, म्हणून आपल्याकडचे लोक करतात. फक्त आधी मेन बंद करायचा असतो, नाहीतर वीज उलटी बाहेर चढते. त्याचा मेन चालू होता. मी आधी जनरेटर बंद केला, मग त्याला शिव्या दिल्या. मिग्दालिया त्या लिहिणार नाही.

खाली वळणावर वीज कंपनीची गाडी उभी होती. तिथला खांब अजून जुना, लाकडी आहे आणि ती गाडी शिडीसकट खांबापर्यंत चढत नाही, म्हणून माणूसच खांबावर जातो. एक तरुण लाइनमन कमरेला पट्टा बांधून खांबाशी उभा होता, कान लावून. चढला नव्हता. मिग्दालियाने खाली जाऊन विचारलं तर म्हणाला, मी हातोडीने एक ठोका मारला आणि वरून दुसऱ्याने उत्तर दिलं. वर कुणी नाही, पण कुणी असल्यासारखं वाटतं आहे, म्हणून थांबलो.

फाटकातून हे बघून मी शेडकडे परत आले तेव्हा सिप्रियान उलट्या बादलीवर बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता. तोच म्हणाला की हा जनरेटर त्या वर्षीच्या वादळात घेतला होता. तुझे आजोबा गेले त्या दुपारी जनरेटर एकाएकी कण्हला आणि बंद पडला. त्याला वाटलं, पेट्रोल संपलं. झाकण उघडून पाहिलं तर टाकी अर्धी भरलेली होती. इतकी वर्षं माझ्या कुंपणापलीकडे बसून हा माणूस माझी टिंगल करत आला. आता कळलं, गप्प बसायची त्याला भीती वाटत होती.

मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. कुंपणापर्यंत पुरला.

मी घरी येऊन सगळं पुन्हा चालू केलं. मग मिग्दालियाला सांगून पिवळी लांब तार काढली, एक टोक माझ्या घरात लावलं आणि दुसरं कुंपणावरून त्याच्या फ्रिजपर्यंत नेलं. त्याला सांगितलं की या डोंगरावर लाइट गेली की तू माझ्या बॅटरीवर राहायचं आणि तो हिरवा राक्षस भंगारात द्यायचा. तो मान खाली घालून हो म्हणाला. मंगळवारी भंगारवाला घेऊन गेला.

परवा पुन्हा लाइट गेली. मी मेन ओढला नाही, वचनाप्रमाणे. पंखा फिरत राहिला. पलीकडे त्याचा फ्रिज गुणगुणत होता. मी खुर्ची ओट्यावर घेतली आणि वाट पाहिली. एकच ठोका पडला, दारातल्या खांबावर. मग शांतता. कान लावला असावा तेवढी. मग ठोका खालच्या खांबावर पडला, मग त्याच्याही खालच्या, मग वळणावर, आणि मग मला ऐकू येईना.

मी उठून उभी राहिले होते. तुझ्या आजोबांना डबा द्यायला मी अशीच उठायचे आणि ते निघून गेलेले असायचे.

मिग्दालिया विचारते, अजून काही लिहायचं का. मी म्हटलं, लिही की घरात लाइट आहे.

तुझ्यावर जीव ठेवून बसलेली,
प्रोवी आजी